सहा हजारांचा कॅमेरा आणि शंभर स्पीडब्रेकर: कोल्हापुरातल्या एका टुरिस्ट गाडीचं प्रकरण

हे प्रकरण आमच्या घरातलंच आहे. दाजींच्या परवानगीनं लिहितोय. गाडीचा नंबर, नेमक्या तारखा आणि समोरच्या माणसांची ओळख पटेल असं काही दिलेलं नाही. डॅश कॅमच्या, म्हणजे गाडीच्या काचेला लावून समोरचा रस्ता टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या, कंपन्यांची नावंही मुद्दाम टाळली आहेत. एक कारण म्हणजे ही मॉडेलं सहा-आठ महिन्यांत बदलतात. दुसरं कारण वाचता वाचता कळेल: पहिल्यांदा चूक झाली ती कंपनीपेक्षा माझी जास्त होती.

पार्श्वभूमी

दाजी बावन्न वर्षांचे. पिवळ्या पाटीची सात सीटर गाडी स्वतः चालवतात. भाडी बहुतेक कोकण आणि गोव्याची, अधूनमधून पुणे विमानतळ, आणि सुट्टीच्या दिवशी जोतिबा-पन्हाळा. गाडी रात्री राजारामपुरीतल्या गल्लीत, घरासमोर उभी असते. हिशोब अक्का ठेवते: कोण बसलं, कुठं नेलं, टोल किती, गॅस किती, सगळं एका लांब वहीत. ही वही पुढं कामाला येणार आहे.

मी सीसीटीव्ही बसवायचं काम करतो, त्यामुळं घरात 'कॅमेऱ्यातलं कळणारा' म्हणजे मी. दोन वर्षांपूर्वी दाजींनी विचारलं तेव्हा मीच २,२०० रुपयांचा एक डॅश कॅम घेऊन दिला होता. समोर छोटा स्क्रीन, आत छोटी बॅटरी, काचेला व्हॅक्यूमचा रबर. घरात पडून असलेलं ३२ जीबीचं मोबाइलचं कार्ड त्यात घातलं, दहा मिनिटांत मेनू फिरवून सगळं 'चांगलं' करून दिलं आणि चहा पिऊन आलो.

गाडीत जीपीएस आधीपासून होतं. टुरिस्ट परमिटच्या गाड्यांना जे एआयएस-१४० या सरकारी मानकाचं यंत्र आणि पॅनिक बटण लावावं लागतं, ते. त्यामुळं दाजींचा पहिला प्रश्न होता, "पाव्हणं, त्यात सगळं दिसतंय की, आणि हे कशाला?" त्यात गाडी कुठं आहे एवढंच कळतं, समोर काय झालं ते कळत नाही, हे समजवायला एक संध्याकाळ गेली होती. अजूनही पुष्कळ गाडीवाल्यांचा हाच समज आहे.

त्या रात्री

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, उसाच्या हंगामात, दाजी कणकवलीला भाडं सोडून फोंडा घाट चढून राधानगरीमार्गे रिकामे परत येत होते. रात्रीचे पावणेअकरा. रस्त्याच्या डाव्या कडेला उसानं भरलेली ट्रॉली पंक्चर होऊन उभी. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, एक दगड आणि चार उसाचे वाढे ठेवलेले. दाजींनी ती वेळेत बघितली, वेग कमी केला आणि उजवीकडून काढायला लागले. तेवढ्यात ट्रॉलीच्या आडून, शेताच्या वाटेवरून एक मोटारसायकल थेट रस्त्यावर आली आणि गाडीच्या डाव्या पुढच्या मडगार्डावर आदळली.

पोराचं मनगट दुखावलं, बाकी जीवावरचं काही नव्हतं. पण पाच मिनिटांत वीस माणसं जमली आणि विसातल्या अठरांनी अपघात 'बघितला' होता. गाडी शंभरच्या वर होती, ड्रायव्हर फोनवर होता, लाइट अपर होती. दाजींनी काचेवरच्या कॅमेऱ्याकडं बोट दाखवलं. म्हणाले, ह्यात सगळं आहे, बघा. बघायला गेले तर त्यात काहीच नव्हतं.

पोराला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. एक्स-रे, प्लास्टर, मोटारसायकलचं हँडल आणि हेडलाइट असे मिळून १४,००० जागेवर ठरले आणि दिले. पोलिसांत गेले नाहीत, विमा कंपनीला कळवलं नाही.

रात्री एक वाजता मला फोन. "चौदा हजार गेलं की ओ. कॅमेरा हुता तरी."

कार्डात काय सापडलं

सकाळी मी कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. कार्ड मेलं असणार असं गृहीत धरून गेलो होतो. स्वस्त कार्ड, उन्हाळा-पावसाळा, दोन वर्षं. पण कार्ड व्यवस्थित उघडलं आणि शंभरच्या वर क्लिपा दिसल्या, सगळ्या लॉक केलेल्या फायलींच्या फोल्डरात. नेहमीच्या फोल्डरात एकही नाही.

डॅश कॅम कसा चालतो ते इथं सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण त्यावरच फिरतं. तो तीन-तीन मिनिटांचे तुकडे करून चित्रण करत जातो. कार्ड भरलं की सगळ्यांत जुना तुकडा पुसून त्या जागी नवा लिहितो. आत एक धक्का ओळखणारा सेन्सर असतो. धक्का बसला की तो चालू तुकडा कुलूपबंद होतो, म्हणजे अपघाताची क्लिप पुसली जाऊ नये. या सेन्सरची तीव्रता मेनूतून ठरवता येते: लो, मीडियम, हाय. दोन वर्षांपूर्वी मी 'हाय' ठेवली होती. सुरक्षित वाटली म्हणून.

आता कोल्हापूर ते राधानगरी एकदा जाऊन या. प्रत्येक गावाच्या आधी एक, शाळेसमोर एक, देवळासमोर एक, आणि कुणाच्या तरी दारासमोर बिनपरवाना एक स्पीडब्रेकर. त्यातला एखादा जरा जोरात बसला की त्या कॅमेऱ्याला तो अपघात वाटत होता. तीन मिनिटांची एक क्लिप साधारण २७० एमबी, आणि ३२ जीबीच्या कार्डात प्रत्यक्ष जागा असते २९ जीबीच्या आसपास. म्हणजे शंभरेक धक्के बसले की कार्ड कुलूपबंद फायलींनी गच्च. चांगल्या कॅमेऱ्यात लॉक फायलींना ठरावीक वाटाच मिळतो, तो भरला की त्यातली जुनी फाइल जाते. या कॅमेऱ्यात तशी सोय नव्हती. जागा संपली, त्यानं स्क्रीनवर 'कार्ड फुल' लिहिलं आणि गप्प बसला. रात्री डोळ्यांवर उजेड येतो म्हणून स्क्रीन दाजींनी कधीच बंद करून ठेवला होता.

शेवटची क्लिप कधीची हे तारखेवरून कळेना, कारण प्रत्येक फायलीवर तारीख होती १ जानेवारी २०१७. आतली बॅटरी मेली होती. गाडी बंद केली की कॅमेऱ्याचं घड्याळ शून्यावर जायचं आणि सकाळी पुन्हा २०१७ उजाडायचं. शेवटी क्लिपमध्ये जोतिबाच्या वाटेवरची नारळ-गुलालाची दुकानं दिसली, अक्कानं वही उघडली, आणि भाडं सापडलं: १९ डिसेंबर. म्हणजे जवळजवळ दोन महिने कॅमेरा फक्त काचेवर लटकत होता. निळा दिवा मात्र रोज लागत होता.

दाजींना मी खरं सांगितलं, सेटिंग माझं होतं. ते काही बोलले नाहीत. अक्का बोलली, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही.

जुनाच दुरुस्त करायचा की नवा?

हा पहिला खरा निर्णय होता. सेन्सर 'लो' केला, कार्ड फॉरमॅट केलं तर जुना कॅमेरा चालला असता. फुकटात. पण घड्याळाचं काय? ज्या चित्रणावर २०१७ ची तारीख आहे ते चारचौघांत दाखवता येईल, पण विमा कंपनीपुढं किंवा कोर्टात पहिला प्रश्न तारखेचाच येणार. आतली बॅटरी बदलायची म्हणून उघडून बघितलं तर ती उशीसारखी फुगलेली. ते बघितल्यावर विषय संपला.

बॅटरी फुगली याचं नवल नाही. लिथियम-आयन सेल साधारण ४५ अंशांपर्यंतच चार्ज करावा, असा नियम. एप्रिलमध्ये गाडी दोन तास उन्हात उभी राहिली की काचेलगतचं तापमान त्याच्या पुष्कळ वर जातं, आणि नेमका तेव्हाच माणूस येऊन गाडी सुरू करतो, म्हणजे चार्जिंग सुरू. काचेला चिकटवायच्या वस्तूत लिथियम बॅटरी असूच नये, हे सीसीटीव्हीच्या धंद्यातल्या मला आधीच सुचायला हवं होतं.

बजेट आणि अटी

पैसे अक्कानं दिले, भिशी लागली होती त्यातले ६,०००. वायर, कार्ड, मजुरी सगळं धरून सहा हजार, वर एक रुपया नाही. दाजींच्या अटी दोन: डोळ्यासमोर उजेड नको, आणि "मला त्यात बोट घालायला लागू नये." माझी अट एकच होती, की बंद पडला तर आम्हाला कळलं पाहिजे.

समोर आलेले पर्याय

आरशावर बसणारा, पुढं-मागं दोन कॅमेऱ्यांचा आणि खोक्यावर '४के' लिहिलेला एक होता, ३,५०० ला. दाजींना तो फार आवडला. मी त्याचा चित्र टिपणारा सेन्सर शोधला तर तो दोन मेगापिक्सेलचा, म्हणजे वीस लाख ठिपक्यांचा निघाला. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख ठिपके. डोळाच वीस लाख ठिपक्यांचा असेल तर उरलेले त्रेसष्ट लाख सॉफ्टवेअर मनानं भरतं. फाइल मोठी होते, कार्ड लवकर भरतं, नंबर प्लेट तेवढीच धुरकट. मेनूत ४के आणि १०८०पी (वीस लाख ठिपक्यांचं साधं चित्रण) दोन्ही लावून एकाच पाटीचं चित्रण केलं तर दुकानदारालाही फरक दाखवता आला नाही.

सिमकार्डवाला कॅमेरा, ज्यात घरबसल्या गाडी दिसते, तो अक्काला आवडला. कारणं तिची वेगळी होती. दाजींचा चेहरा पडला. पण दर महिन्याचा खर्च आणि घाटात रेंजची बोंब, म्हणून तो लगेच बाजूला पडला.

जुना मोबाइल काचेला लावून ॲप चालवायचं, असं भाच्यानं पुण्याहून सुचवलं. पुन्हा तीच बॅटरी, तेच ऊन.

पुढं-मागं दोन्ही हवेत का यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. मागचा कॅमेरा खरंच उपयोगाचा आहे. हायवेवर मागून येऊन धडकणारे कमी नाहीत. पण सहा हजारांत दोन घ्यायचे तर दोन्ही सुमार येणार होते, शिवाय मागच्या दारातून जाणारी वायर रोज सामान चढवता-उतरवता चिमटणार. एकच घ्यायचा आणि तो धड घ्यायचा असं ठरलं. हा निर्णय मला अजून शंभर टक्के पटलेला नाही.

उरला तो साधा दिसणारा: बिनस्क्रीनचा, १४४०पी (१०८०पीपेक्षा एक पायरी बारीक चित्रण), पाच मेगापिक्सेलचा सोनी स्टार्विस, म्हणजे कमी उजेडासाठीच्या, जातीचा सेन्सर, आणि बॅटरीच्या जागी सुपरकपॅसिटर. कपॅसिटर म्हणजे वीज साठवायची छोटी टाकी. किल्ली बंद केली की शेवटची फाइल नीट बंद करण्यापुरती काही सेकंदांची वीज तो पुरवतो आणि बॅटरीपेक्षा उष्णता बरीच जास्त सोसतो. किंमत ४,२९०.

दोन संध्याकाळी

ओळखीच्या ॲक्सेसरीवाल्यानं आरशाचा आणि हा, असे दोन्ही कॅमेरे काही दिवस वापरायला दिले. खोकं फाटता कामा नये या अटीवर.

पहिल्या संध्याकाळी उजेडात दसरा चौकातून शिरोली नाक्यापर्यंत गेलो, अंधार पडल्यावर कसबा बावड्याकडून परत आलो. दिवसा समोर थांबलेल्या गाडीचा नंबर दोन्हींत वाचता आला, फरक पडला तो अंतरात. आरशाच्या कॅमेऱ्यात सात-आठ पावलांवर अक्षरं पसरायला लागली, दुसऱ्यात बारा-तेरा पावलांवरही एमएच ०९ च्या पुढचं वाचता येत होतं.

रात्री दोघांचीही फजिती झाली. समोरून येणाऱ्या गाडीची पाटी हेडलाइटच्या झगमगाटात पांढरा ठिपका. हे पाच हजारांत नाही, वीस हजारांतही पुष्कळदा असंच असतं. अंधारात सेन्सरला जास्त वेळ उजेड गोळा करावा लागतो, तेवढ्यात गाडी पुढं सरकते आणि अक्षरं ओढली जातात. एक्सपोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, मेनूतून एक पायरी कमी केलं तर थोडा फरक पडतो. त्यापेक्षा जुना, बिनपैशाचा उपाय बरा: नंबर दिसल्याबरोबर मोठ्यानं वाचायचा, माइक ऐकतो. अर्थात माइक चालू असेल तर. त्यावर पुढं येतो.

मेनूत आणखी एक गोष्ट बदलली. फ्रीक्वेन्सी ६० हर्ट्झवर होती, ती ५० केली. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं ६० वर ठेवलं की रस्त्याचे दिवे चित्रणात लुकलुकतात. सीसीटीव्हीवाले हे झोपेतही करतात. डॅश कॅममध्ये कुणी बघत नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॅमेरा गाडीतून काढून घरी फडताळात ठेवला, विजेशिवाय. दोन रात्री. तिसऱ्या सकाळी लावला आणि घड्याळ बघितलं. बरोबर होतं. तेव्हाच मी दाजींना म्हटलं, घ्या.

कार्ड

इथं मी हट्ट धरला. दाजींचं म्हणणं होतं, जुनं कार्ड चांगलं आहे की. मी हिशोब मांडला. हा कॅमेरा सेकंदाला साधारण अडीच एमबी लिहितो, म्हणजे तासाला नऊ जीबी. गाडी दिवसाला दहा तास चालली तर नव्वद जीबी. मोबाइलमध्ये माणूस महिनाभरात एवढं लिहीत नाही. ३२ जीबीचं कार्ड दिवसातून तीनदा पुसून पुन्हा भरणार. पुष्कळ साध्या कार्डांच्या वॉरंटीत तर अशा अखंड रेकॉर्डिंगसाठी वापर चालणार नाही असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेली कार्डं याच कामाची असतात. ६४ जीबीचं ९८० ला मिळालं. त्यात साधारण सात तासांचं चित्रण राहतं, कणकवलीला जाऊन येण्याइतकं.

घेतल्यावर लगेच लॅपटॉपवर ते पूर्ण भरून, परत वाचून तपासलं. खोक्यावर ६४ लिहून आत ८ जीबीची चिप असलेली कार्डं बाजारात फिरतात. भरल्याशिवाय कळत नाही, आणि कळतं ते नको त्या दिवशी.

वायरिंग

उद्यमनगरातल्या वायरिंगवाल्याकडं गेलो. त्यानं कॅमेरा हातात घेतला आणि म्हणाला, "टेपच्या वायरीला जोड मारतो, पाच मिनिटांत." मी नको म्हटलं. वायर सोलून मारलेला जोड वर्षभरात ढिला होतो, आणि गाडीत काही बिघडलं की शोरूमवाला पहिलं बोट त्याच जोडावर ठेवतो. आम्ही फ्यूज टॅप आणला होता. फ्यूज बॉक्समधला एक फ्यूज काढून त्या जागी बसतो, जुना फ्यूजही त्यातच राहतो आणि कॅमेऱ्याला स्वतःचा वेगळा फ्यूज मिळतो. किल्ली फिरवल्यावरच वीज येणारी जागा टेस्टरनं शोधली. टॅप आणि बारा व्होल्टचं पाच करणारा ॲडॉप्टर ४२०, मजुरी ३००.

वायर छताच्या कापडात दाबून काचेच्या कडेच्या खांबातून खाली घेतली. ज्यांच्या गाडीत पडद्याच्या (छताच्या कडेतून बाजूच्या काचांवर उघडणाऱ्या) एअरबॅग आहेत त्यांनी इथं जपावं. वायर एअरबॅगच्या पुढून गेली तर बॅग उघडताना तीच चाबूक होते. पिशवीच्या मागून न्यावी.

रबर टाकून दिला, कॅमेरा चिकटपट्टीनं आरशाच्या मागं बसवला, ड्रायव्हरच्या नजरेत येणार नाही असा. धक्क्याचा सेन्सर 'लो'. एकूण ५,९९०. अक्कानं उरलेले दहा रुपये मागून घेतले.

माइकचं काय?

ही गोष्ट कुणी बोलत नाही, पण टुरिस्ट गाडीत ती मोठी आहे. मागं बसलेली माणसं घरचं बोलतात: वाटण्या, आजारपण, कुणाच्या पोरीचं जमलं आणि कुणाच्या पोराचं मोडलं. जुन्या कार्डावरच्या क्लिपा तपासताना मला त्यातलं बरंच ऐकावं लागलं होतं आणि फार अवघडल्यासारखं झालं होतं. मी दाजींना सांगितल्यावर त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "गाडीत बसलेल्याचं बोलणं गाडीतच राहिलं पाहिजे. बंद करा."

माइक बंद केला. कॅमेऱ्यावर बटण आहे, एकदा दाबलं की माइक चालू. काही घडलं की ते दाबायचं, असं ठरलं.

पन्हाळ्याच्या चढावर

पावसाळ्यातला रविवार. कोल्हापूरपासून पन्हाळा वीसेक किलोमीटर, पण अशा रविवारी शेवटचे तीन किलोमीटरच तासभर खातात. धुकं, भुरभुर पाऊस, चढावर गाड्यांची रांग. दाजींच्या गाडीत पुण्याचं कुटुंब होतं. पुढं बाहेरच्या जिल्ह्यातली एक छोटी कार. रांग हलली, थांबली, हलली, आणि ती कार मागं सरकून दाजींच्या बंपरवर बसली.

ड्रायव्हर उतरला तो ओरडतच. तुम्हीच मागून ठोकलं. मागची गाडी म्हणजे चूक मागच्याचीच, हे सगळ्यांना पाठ असतं. दाजी म्हणाले, तुमची मागं आली. त्यावर त्याचं उत्तर बिनतोड होतं: "रिव्हर्सचा दिवा लागला का? विचारा कुणालाही."

दिवा लागला नव्हताच. गिअर पुढचाच होता, क्लचवर गाडी धरता आली नाही.

दाजींनी मोबाइल काढला. क्लिप फोनवर आणायला चार मिनिटं लागली, कारण कॅमेऱ्याच्या वायफायला इंटरनेट नाही म्हटल्यावर फोन सारखा मोबाइल डेटावर उडी मारत होता. शेवटी गाडीतल्या कॉलेजच्या पोरीनं डेटा बंद करून दिला. मग चौदा सेकंदांची क्लिप सगळ्यांनी छत्रीखाली बघितली.

त्यात काय दिसतं तर, डावीकडं काळा-पांढरा पट्टा मारलेला कठडा. त्यावरचा एक फुटका दगड काचेच्या कोपऱ्यात आहे, आणि तो चौदाही सेकंद तिथंच आहे, म्हणजे दाजींची गाडी जागची हललेली नाही. पुढच्या कारचे लाल ब्रेक लाइट विझतात. एक क्षण काही होत नाही. मग ती कार चित्रात मोठी होऊ लागते, पाटीवरची अक्षरं फुगत जातात, लाल दिवे पुन्हा पेटतात, आणि चित्र हिसका खातं.

त्या माणसानं क्लिप दोनदा बघितली. तिसऱ्यांदा लावायच्या आत त्याच्या बायकोनं विचारलं, "हँडब्रेक ओढला नव्हता ना तुम्ही?" बंपर आणि जाळीचे ४,००० त्यानं तिथंच मोबाइलवरून पाठवले. वर सॉरी म्हणाला, तेही मनापासून.

संध्याकाळी दाजींचा फोन. "पाव्हणं, दगडानं वाचवलं बघा."

काय हुकलं, काय वेगळं केलं असतं

पन्हाळ्यावर पुढची गाडी सरकायला लागल्यावर दाजींनी लांब हॉर्न दिला होता. तो क्लिपमध्ये नाही, कारण माइक बंद होता आणि बटण दाबायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. अशा वेळी कुणाच्याच येणार नाही. माणूस घाबरल्यावर बटण दाबेल असं गृहीत धरून केलेली सोय म्हणजे सोय नव्हे. आता रिकामी गाडी असताना माइक चालू आणि भाडं बसलं की बंद, असं करतात. फेब्रुवारीतला प्रसंग रिकाम्या गाडीतलाच होता.

पार्किंग मोड, म्हणजे गाडी बंद करून उभी असतानाही कॅमेरा चालू ठेवायची सोय, घेतला नाही ही दुसरी चूक, असं आता वाटतं. दिवाळीच्या आधी राजारामपुरीत रात्री कुणीतरी मागच्या दारावर लांब ओरखडा ओढून गेलं. कॅमेरा झोपलेला. गाडीची बॅटरी उतरेल आणि पहाटे चारच्या भाड्याला गाडी सुरू होणार नाही, या भीतीनं आम्ही तो नको म्हटला होता. नंतर शांतपणे हिशोब केला: कॅमेरा साधारण पाव ते पाऊण अँपिअरच्या मधे कुठंतरी, बहुतेक वेळ पावाच्याच जवळ ओढतो. रात्रीचे आठ तास धरले तर दोन-तीन अँपिअर-अवर. चांगल्या, पस्तीस अँपिअर-अवरच्या बॅटरीला ते जड नाही, आणि व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की आपोआप तोडणारं वायरिंग किट मिळतं. पण दाजींची बॅटरी तीन वर्षांची होती. ती बदलेपर्यंत ते किट लावणार नाही, एवढ्यावर सध्या थांबलोय.

फेब्रुवारीतल्या रात्रीबद्दलही एक सांगायला हवं. कॅमेरा चालू असता तरी पोलिसांना आणि विमा कंपनीला न कळवणं चूकच होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये जखमीला दवाखान्यात नेण्याबरोबर या दोन्ही गोष्टी ड्रायव्हरच्या कर्तव्यातच येतात. दाजींनी पहिली गोष्ट केली, बाकीच्या गर्दीच्या धाकात राहिल्या. पोराचं मनगट नीट जुळलं नसतं आणि पुढं दावा लागला असता, तर हातात दिलेल्या चौदा हजारांची पावतीसुद्धा आमच्याकडं नव्हती.

कोर्टाची वेळ आली तर काय, हे मी एका वकील गिऱ्हाइकाकडून समजून घेतलं. १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा नवा कायदा, भारतीय साक्ष्य अधिनियम, लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणं इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात फायलीची हॅश किंमत लिहावी लागते. हॅश म्हणजे फायलीच्या बोटाचा ठसा; एक ठिपका बदलला तरी तो बदलतो. व्हॉट्सॲपवर पाठवलेली क्लिप दाबून लहान होते, म्हणजे तिचा ठसा वेगळाच. म्हणून मोठं काही घडलं तर कार्ड काढायचं, पाकिटात घालायचं आणि दुसरं घालून पुढं जायचं. गाडीच्या कप्प्यात त्यासाठी एक जादा कार्ड ठेवलंय.

राहिली माझी अट, बंद पडला तर कळलं पाहिजे. कॅमेरा बंद पडला की पिंपिं करतो, पण ते दाजींना गाण्यात ऐकू येत नाही हे पहिल्या महिन्यातच कळलं. शेवटी अक्कानं ते काम स्वतःकडं घेतलं. दर रविवारी रात्री वही लिहून झाली की ती गाडीत बसते, फोन जोडते, आणि दोन गोष्टी बघते: शेवटची क्लिप आजची आहे का, आणि घड्याळ बरोबर आहे का. वहीत त्या दिवसाच्या भाड्यांखाली 'कॅ. ठीक' असं लिहिते.

नऊ महिन्यांनी एका रविवारी तिनं 'कॅ. ठीक' लिहिलं नाही. तीन क्लिपा उघडत नव्हत्या, चौथी मधेच हिरवी होत होती. कार्ड थकलं होतं. सोमवारी सकाळी, भाड्याला निघायच्या आधी, कप्प्यातलं जादा कार्ड घातलं आणि त्याच्या जागी नवं आणून ठेवलं. थकलेलं कार्ड मी टाकून द्यायला निघालो होतो, अक्कानं हातातून घेतलं. पन्हाळ्याची क्लिप त्यात अजून लॉक आहे. तिनं ते छोट्या पाकिटात घातलं, वर तारीख आणि भाड्याचा अनुक्रमांक लिहिला, आणि कपाटात विम्याच्या कागदांखाली ठेवून दिलं.